औषध डॉक्टरांचे, मूल आपले

या सदरात नेहमी डॉक्टर लिहितात. लहान मुलांच्या कॅन्सरवर लेख हवा होता, तेव्हा मात्र संपादकांनी मला विचारले. मी डॉक्टर नाही. रेवदंड्यात बालवाडी चालवते. घरची नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे, ती यजमान बघतात. आमच्या धाकट्या मुलीला २०१४ साली, चार वर्षांची असताना, रक्ताचा कॅन्सर झाला. अडीच वर्षे उपचार चालले. आज ती अकरावीत आहे. आजाराची शास्त्रीय माहिती डॉक्टर माझ्यापेक्षा चांगली देतील. पण त्या अडीच वर्षांतले हॉस्पिटलचे दिवस मी एकदा मोजले, तर ते सहा महिन्यांच्या आत भरले. बाकी सारे दिवस मूल घरी होते. त्या दिवसांत ते कसे वाढवायचे, हे केसपेपरवर लिहिलेले नसते. त्याविषयी चार गोष्टी सांगते.

तरी लक्षणे आधी सांगायला हवीत, कारण वेळेवर ओळखले तर निम्मे काम होते. पंधरा-पंधरा दिवस उलटसुलट येणारा ताप, पांढराफटक पडत चाललेला चेहरा, मार न लागता अंगावर उठणारे निळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडे दुखतात म्हणून लंगडणे किंवा चालायलाच नकार देणे, मानेत गाठी, पोट फुगणे. यांतले एखादे लक्षण साध्या आजारातही असते, म्हणून घाबरून जाऊ नये. पण दोन-तीन एकत्र दिसली तर साधी रक्ततपासणी, सीबीसी, करून घ्यावी. आमच्या मुलीला अलिबागला रक्त तपासायला नेले तेव्हा हिमोग्लोबिन साडेपाच होते आणि प्लेटलेट्स अठरा हजार. निरोगी मुलात त्या दीड लाखाच्या वर असतात. दुसऱ्या दिवशी आम्ही परळला टाटा हॉस्पिटलमध्ये होतो.

लहान मुलांना होणाऱ्या कॅन्सरांपैकी साधारण एक तृतीयांश रक्ताचे असतात, आणि त्यांत सर्वांत जास्त आढळतो तो ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. तिचा तोच होता. कॅन्सर म्हटले की आपल्याकडे लोक आवाज खाली आणतात. पण मुलांचा हा आजार आज मोठ्या संख्येने पूर्ण बरा होतो. १९४७-४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांवर पहिल्यांदा औषध वापरले, तेव्हा आजार काही महिनेच मागे हटला. ते औषध तयार झाले होते आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत. त्याच औषधाचे भावंड मेथोट्रेक्सेट, जे आमच्या मुलीने दोन वर्षे घेतले. दुसरे एक औषध विन्क्रिस्टिन. ते सदाफुलीपासून काढतात. हो, तीच, जी आपल्या प्रत्येकाच्या परसात विहिरीजवळ फुललेली असते. हे कळल्यावर सासूबाई रोज सकाळी सदाफुलीला हात जोडू लागल्या. त्याला माझी हरकत नव्हती. एका हितचिंतकाने मात्र पानांचा काढा सुचवला, तो मी ठामपणे नाकारला. त्या झाडात विषारी द्रव्ये आहेत. इंजेक्शनात जे जाते ते मिलिग्रॅममध्ये मोजून, थेट शिरेत आणि डॉक्टरांच्या हाताने.

परळच्या हॉस्पिटलचीही एक हकीकत आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानेच गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे हॉस्पिटल सुरू केले. ऐंशीच्या दशकात मुंबई, दिल्ली आणि मद्रास येथील केंद्रांनी अमेरिकेतल्या डॉ. इयान मॅग्रथ यांच्या सहकार्याने आपल्याकडच्या मुलांना झेपेल असा औषधोपचाराचा ठरावीक क्रम बसवला आणि बऱ्या होणाऱ्या मुलांची संख्या कितीतरी वाढली. टाटातल्या त्या कामात डॉ. सुरेश अडवाणी होते. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीत बसूनच रुग्ण तपासत.

आता घरचे. पहिला प्रश्न असा की, मुलाला काय सांगायचे? आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नातेवाइकाचे मत होते, काही सांगू नका. पण चार वर्षांच्या मुलालाही आईचा चेहरा वाचता येतो. बालवाडीत मी इतकी वर्षे हेच पाहते आहे. मी तिला वाडीचे उदाहरण दिले. पावसाळ्यात वाडीत तण माजते आणि रोपांना जागा उरत नाही, हे तिने पाहिलेले होते. तुझ्या रक्तात तसे तण माजले आहे, म्हटले. डॉक्टर औषधाने ते काढणार. तण काढताना थोडी चांगली रोपेही उपटली जातात, म्हणून तुझे केस गळतील, तोंड येईल. रोपे पुन्हा उगवतात, तसे केसही येतील. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मी पेरू न विचारता खाल्ला म्हणून झालं का?” या वयाच्या मुलांना आजार म्हणजे शिक्षा वाटते. “तू काही केलं नाहीस, आणि आईबाबांनीही काही केलं नाही,” हे मी तिला त्या दिवशी सांगितले आणि पुढे किमान वीस वेळा तरी सांगितले असेल. तुमच्या मुलाने विचारले नाही तरी सांगा.

सुईविषयीही खरेच सांगावे. “काही नाही दुखत” असे म्हटले आणि दुखले, तर पुढच्या वेळी तुमच्या कोणत्याच बोलण्यावर मूल विश्वास ठेवणार नाही. आणि पुढच्या वेळा खूप असतात. शिरेतली, मांडीतली, पाठीच्या मणक्यातली. आमचे ठरले होते: दुखेल, रडायला परवानगी आहे, हात हलवायला नाही, आणि मी दहा आकडे मोजेन. दहाच्या पुढे गेले तर मी तिची अपराधी. आपल्या घरांत मुलांना गप्प करायला “थांब, डॉक्टरांना सुई टोचायला सांगते” असे सर्रास म्हणतात. ज्या घरात असे आजारी मूल आहे त्या घरात हे वाक्य बंद झाले पाहिजे. खरे तर सगळ्याच घरांत.

पहिला महिना-सव्वा महिना स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. त्या महिन्यातले मूल आपले वाटत नाही. गाल फुगतात, भूक भयंकर लागते, स्वभाव पार बदलतो. रात्री दोन वाजता तिला बटाट्याची भाजी आणि भात लागे, आणि ताट यायला उशीर झाला की ती मला चावे. शेजारच्या कॉटवरची आई तिच्या मुलाला काहीच बोलत नसे, म्हणे, “किती दिवसांचं आहे कुणाला माहीत, करू दे त्याला हवं ते.” तिचे दुःख मला कळत होते, पण पटत नव्हते. सगळे नियम एकदम गळून पडले की मुलाला वाटते, आपले काहीतरी फारच वाईट झाले आहे. मी तीन गोष्टींत तडजोड केली नाही. औषध घ्यायचेच, गुळण्या करायच्याच, आणि कुणाला मारायचे-चावायचे नाही. चावली की ताट बाजूला ठेवून मी शंभर आकडे मोजी आणि मग पुन्हा जेवण देई. उरलेल्या सगळ्यात तिचे राज्य. कोणत्या हातात सुई, कोणत्या पेल्यात पाणी, टोपी लाल की पिवळी, हे ती ठरवी. जिथे मुलाच्या हातात काहीच नसते, तिथे एवढे तरी असावे.

त्या काळात राहायचे कुठे, हा गावाकडच्या माणसाचा मोठा प्रश्न. माझी नणंद लालबागला राहते म्हणून आमची सोय झाली. प्रत्येकाची नणंद लालबागला नसते. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. खास मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून मुंबईत काम करते. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतःची स्वच्छ जागा आणि स्वयंपाकाची सोय विनामूल्य मिळते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन नाव नोंदवावे. पैशांचेही तिथेच विचारावे. आपला रायगड जिल्हा २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्याच टप्प्यात होता, तिचेच नाव आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड घरी विसरून जाणारे पुष्कळ भेटले. ते पिशवीत आधी टाका, कपडे मागाहून.

मोठा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. तो आजीजवळ रेवदंड्यात राहिला. गुणी मुलगा, तक्रार नाही. एक दिवस फोनवर म्हणाला, “आई, मला पण ताप आलाय.” आजीने बघितले, अंग गार होते. त्यानंतर दर रविवारी त्याचे बाबा मुंबईला माझ्या जागी बसत आणि मी गावी येऊन तो एक दिवस फक्त त्याला देत असे. किनाऱ्यावर जायचे, आगरकोटाच्या तटाकडे सायकल न्यायची, धाकटीचा विषय तो काढील तेवढाच. ज्या घरात एक मूल आजारी असते, त्या घरात दुसरे मूल आपोआप मोठे होते असे लोक कौतुकाने म्हणतात. मला त्यात कौतुक दिसत नाही.

सहा-सात महिन्यांनी जोरदार औषधांचा काळ संपला आणि खरा कठीण काळ सुरू झाला. माझे हे वाक्य काहींना विचित्र वाटेल. केस परत आले, गालांवर लाली आली, ती ओटीवर उड्या मारू लागली. रक्तात कॅन्सरच्या पेशी दिसत नव्हत्या. आणि तरीही रोज रात्री एक गोळी, मर्कॅप्टोप्युरीनची, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, अशी जवळजवळ दोन वर्षे काढायची होती. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “पोरगी ठणठणीत झाली. आता हे विष कशाला?” असे सल्ले देणारी माणसे वाईट नसतात, त्यांना मुलीची दयाच येत असते. पण गावोगावी मुले इथेच निसटतात. बरे दिसते, खर्च आणि खेपा नकोशा होतात, सुगी किंवा सण आडवा येतो, आणि उपचार सुटतो. मग आजार परततो, तेव्हा तो पहिल्यासारखा हटत नाही.

वाडीचेच उदाहरण पुन्हा कामी आले. तण उपटल्यावर वाडी स्वच्छ दिसते, पण मातीत बी आणि मुळ्या राहतातच. दोन पावसाळे बेणणी चुकवली नाही तरच जमीन साफ होते. हे वडीलधाऱ्यांनाही पटले, कारण तण त्यांनी जन्मभर काढले होते.

अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया यांनी या गोळ्यांचा मोठा अभ्यास केला आहे. बाटलीच्या झाकणातच ती केव्हा उघडली याची नोंद होईल अशी सोय केली. शंभरातल्या पंचाण्णवांपेक्षा कमी गोळ्या ज्या मुलांनी घेतल्या, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक निघाला. म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की आपण त्या धोक्याच्या बाजूला गेलो. आमच्याकडे झाकणात नोंद नव्हती, स्वयंपाकघरात कालनिर्णय होते. रोजच्या चौकोनात गोळी झाली की धाकटी स्वतः पेनने खूण करी. मेथोट्रेक्सेटच्या वारी तांबडे वर्तुळ. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. चुकून रोज दिली तर जिवावर बेतते. गोळीला आम्ही कधी खाऊ म्हटले नाही, आणि गोळी घेतली म्हणून बक्षीसही दिले नाही. दात घासायचे बक्षीस कोण देतो? गोष्ट मात्र रोज सांगितली जाई, गोळीवर रडारड झाली त्या रात्रीही.

या काळातला दुसरा नियम तापाचा. पांढऱ्या पेशी कमी असताना १०० पूर्णांक ४ अंश फॅरनहाइट म्हणजे साधा ताप नव्हे. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, तसेच निघायचे. एका जुलैच्या रात्री अकरा वाजता थर्मामीटर १०१ वर गेला. बाहेर धो धो पाऊस. मांडव्याच्या लाँचा पावसाळ्यात बंद, आणि रो-रो बोट सुरू व्हायला तेव्हा काही वर्षे होती. शेजारचे एक कोळी दादा मासळीचा टेम्पो चालवतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, म्हणून टेम्पो दारातच उभा होता. त्यांनी काही विचारले नाही, केबिन फिनेलने पुसली आणि गाडी काढली. अलिबाग, वडखळ, पनवेल, परळ. पोहोचताच रक्त घेतले आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाले. सहा दिवसांनी परत आलो. त्या रात्रीनंतर एक पिशवी दाराशी कायम भरलेली असे: फाईल, रेशनकार्डाची झेरॉक्स, थर्मामीटर, दोन कपडे, रोख पैसे, आणि रात्री-अपरात्री येऊ शकतील अशा दोन गाडीवाल्यांचे नंबर. जे मुंबईपासून दूर राहतात त्यांनी हे उपचाराच्या पहिल्या आठवड्यातच करून ठेवावे.

शाळेत तिला डॉक्टरांच्या संमतीने दुसऱ्या वर्षी घातले. मी आधी जाऊन बाईंना तीन गोष्टी सांगितल्या. हा आजार कुणाला लागत नाही. वर्गात कुणालाही कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी मला फोन करायचा, कारण साध्या कांजिण्याही अशा मुलाला भारी पडतात आणि हॉस्पिटलला लगेच कळवावे लागते. आणि तिला चुकल्यावर रागवायचे. बाई शेवटच्या गोष्टीवर थबकल्या. पण महिन्याभराने धाकटी घरी आली ती फुगून, “बाईंनी मला कोपऱ्यात उभं केलं.” त्या दिवशी मला फार बरे वाटले. लसींबाबतही एक सांगते. उपचार चालू असताना मुलाला कोणतीही लस, पोलिओचे थेंबसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नसते. घरात पाच वर्षांखालचे भावंड असेल तर त्याच्या थेंबांबद्दलही विचारावे.

घरात मी एका शब्दाला बंदी केली होती: बिचारी. भेटायला येणाऱ्यांना ओट्यावरच सांगत असे. काहींना राग आला, एक-दोघी आल्याच नाहीत पुन्हा. जे आले त्यांनी तिच्याशी पत्ते खेळले, आणि ती हरली की हरू दिले. सासूबाई रोज संध्याकाळी मीठ-मोहरीने दृष्ट काढत. ते बंद केले नाही. त्यांनाही काहीतरी करायचे होते. तिच्या बाबांचे मात्र कुणी विचारले नाही. गावातली माणसे त्यांना खर्चाचे विचारत, आणि ते आकडा सांगत. रात्री वाडीत पाणी सोडायला गेले की तासभर तिकडेच थांबत. मी हाक मारीत नसे.

गोळ्या २०१६ च्या दिवाळीत थांबल्या. थांबल्यावर आनंदापेक्षा भीती जास्त वाटली; आता राखण कोण करणार? पहिली दोन-तीन वर्षे वरचेवर रक्त तपासले जाते, मग अंतर वाढत जाते. उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी टाटा हॉस्पिटलमध्ये १९९१ पासून वेगळी ओपीडी चालते. काही औषधांचा परिणाम हृदयावर, हाडांवर, वाढीवर पुढे कित्येक वर्षांनी दिसू शकतो, म्हणून मूल बरे झाले तरी तिथे जायचे असते, आणि जुनी फाईल जपून ठेवायची असते. कॅन्सरमधून बरे झालेल्या तरुण मुलांचा ‘उगम’ नावाचा गटही आहे; तिथली मुले नव्या पालकांशी बोलतात. आमची अजून गेलेली नाही. बघू म्हणते.

यंदा तपासणीची तारीख नेमकी तिच्या घटक चाचणीच्या दिवशी आली. मला कळले ते नंतर. तिने स्वतःच फोन करून, केस नंबर सांगून, पुढच्या बुधवारची तारीख घेतली होती.